दोन रात्री म्हणजे किती दिवस?

आमच्या वरच्या मजल्यावरचे शेजारी परवा रात्री जेवणे आटोपल्यावर खाली आले, ते हातात एक गुळगुळीत रंगीत पुस्तिका घेऊनच. बँकेतून निवृत्त होऊन त्यांना दोन वर्षे झाली. मुलीचे लग्न झाले, घराचे कर्ज फिटले आणि आता नवराबायकोंनी दक्षिण अमेरिका पाहावयाचे ठरविले आहे. पुस्तिका माझ्यापुढे धरून त्यांनी एका ओळीवर बोट ठेवले. 'कुस्को : दोन रात्री' असे तिथे छापले होते.

"तुम्ही जाऊन आलात ना तिथे? दोन रात्री पुरतात का, तेवढे सांगा. जास्त होत असतील तर एक कमी करून रिओला देतो."

मी तोंड उघडणार तोच स्वयंपाकघरातून आवाज आला, "त्यांना विचारू नका, भावोजी. मला विचारा."

हा आवाज या सदराच्या नेहमीच्या वाचकांच्या परिचयाचा आहे. एरवी मी तो दोन-तीन ओळींत आटोपता घेतो. परंतु दिवाळी अंक म्हणून संपादकांनी या खेपेला जागा सढळ दिली आहे, तेव्हा त्या आवाजाला एवढा अधिकार कुठून आला ते सांगून टाकतो. गोष्ट माझ्या फजितीची आहे, पण ती तरी किती दिवस लपवायची?

माझी छत्तीस वर्षे रेल्वेत, वेळापत्रकाच्या कचेरीत गेली. दोन गाड्यांच्या मध्ये सात मिनिटे मोकळी दिसली की माझा जीव अजूनही कासावीस होतो. २०१८ साली आम्ही मुलाकडे अमेरिकेत गेलो होतो. इतके लांब आलोच आहोत तर खालचा खंडही पाहून घेऊ, असे मनात आले आणि मी तक्ता आखायला बसलो. लिमा, कुस्को, माचू पिचू, ब्युनोस आयर्स, इग्वासूचा धबधबा, रिओ, आणि हे सगळे अकरा दिवसांत! तक्ता इतका नेटका झाला होता की तो मी मुलाला कौतुकाने दाखविला. तो म्हणाला, "बाबा, ही सहल आहे की मालगाडी?"

"अरे, पुन्हा थोडेच येणार आहोत?" मी म्हणालो.

हे वाक्य लक्षात ठेवा. प्रवासाला निघालेल्या आपल्या मंडळींचा हा हुकमी एक्का असतो. पुन्हा येणे नाही म्हणून हेही पाहू, तेही पाहू, आणि जे पाहू ते धावत पाहू.

कुस्कोच्या वाट्याला मी दोन रात्री दिल्या होत्या. आता दोन रात्री म्हणजे किती दिवस, हा हिशेब वेळापत्रकवाल्याला तरी यायला हवा होता. पहिल्या दिवशी सकाळी उतरायचे आणि दुपारी शहर पाहायचे. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेतीनला उठून माचू पिचूला जायचे, ते रात्री परतायचे. तिसऱ्या दिवशी सकाळी विमान. म्हणजे शहराला मिळाली ती एक दुपार. ज्या शहरातून इंका राजांनी एवढे मोठे साम्राज्य चालविले, त्याला मी एक दुपार बहाल केली होती.

पेरू म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर आधी फळ येते. मी देशाचा नकाशा पाहिला होता, पण त्यावरचे रंग पाहिले नव्हते. लिमा हे समुद्राकाठचे शहर. तिथून विमान उडते आणि जेमतेम सव्वा तासात कुस्कोला उतरते. या सव्वा तासात माणूस सुमारे ३,४०० मीटर वर चढलेला असतो. आपले कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे कळसूबाईवर दुसरे कळसूबाई ठेवले तरी कुस्को वरच राहते. तिथे हवेचा दाब इतका कमी असतो की एका श्वासाला समुद्रकाठच्या मानाने दोन तृतीयांशच प्राणवायू मिळतो. शरीर हळूहळू जमवून घेते, पण त्याला दोनतीन दिवस द्यावे लागतात. लेहला विमानाने जाणाऱ्याला पहिले दोन दिवस पडून राहा म्हणून बजावतात, हे आपल्याकडे पुष्कळांना ठाऊक असते. कुस्को लेहहून फार तर शंभर मीटर खाली आहे. पण लेह म्हटले की हिमालय आठवतो आणि कुस्को म्हटले की पुस्तिकेतले चित्र. आमचे तसेच झाले.

२२ मे रोजी सकाळी उतरलो. ऊन लख्ख, हवा कोरडी, आकाश असे निळे की खोटे वाटावे. उतारूघराच्या मालकीणबाईंनी कोकाच्या पानांचा चहा पुढे केला आणि खुणेने सांगितले, आज निजा. मी घड्याळ पाहिले. एक दुपार, आणि तीत निजायचे? तासाभरात मी हिला घेऊन साक्सायवामानच्या चढाला लागलो. शहराच्या डोक्यावर नागमोडी दगडी तटांची ही प्रचंड रचना आहे. त्यातले काही दगड शंभर टनांहून जड आहेत आणि एकमेकांत असे बसविले आहेत की मधे सुरीचे पातेही जाऊ नये. मी ते दगड पाहात होतो. ही दर वीस पावलांवर थांबत होती. "जरा दम लागतो आहे," म्हणाली. मी म्हणालो, "वयाचे आहे."

दिवेलागणीला तिचे डोके दुखू लागले. रात्री जेवण गेले नाही. दहाच्या सुमारास उलट्या सुरू झाल्या. तिथले लोक या दुखण्याला 'सोरोचे' म्हणतात, आणि आपण 'जरा पित्त झाले' ज्या सुरात म्हणतो त्याच सुरात म्हणतात. पण मालकीणबाईंनी हिचा चेहरा पाहिला आणि डॉक्टरांना बोलाविले. त्यांनी हिच्या बोटाला चिमटा लावला. आकडा ऐंशीच्या खाली होता. त्यांनी प्राणवायूची नळी लावली, छाती तपासली आणि मालकीणबाईंच्या मोडक्या इंग्रजीतून सांगितले की, फुप्फुसांत पाणी नाही, सकाळपर्यंत उतार पडेल. मात्र आणखी चढ नको, उद्या खाली खोऱ्यात न्या. हा विकार वाढला तर फुप्फुसांत किंवा मेंदूत पाणी साचते आणि मग तासातासाला मोल येते. त्यावर मुख्य औषध एकच, खाली उतरणे.

पहाटे साडेतीनला माझा गजर वाजला. तिकिटे त्या दिवसाची होती. आगगाडीचीही आणि माचू पिचूचीही. तारीख बदलून मिळणार नव्हती. नळी नाकाला, डोळे मिटलेले, अशी ही पडली होती. मी अंधारात बूट चढविले. डॉक्टर म्हणालेच आहेत उतार पडेल, मालकीणबाई जवळ आहेत, रात्री परत येईनच, असा सगळा हिशेब मी नाड्या बांधता बांधता जुळविला. दाराशी गेलो तेव्हा मागून आवाज आला, "जा तुम्ही. पुन्हा थोडेच येणार आहोत?"

ती जागी होती. मी बूट चढवीत असताना सारा वेळ जागी होती.

मी परत येऊन खुर्चीवर बसलो आणि बूट काढले. एवढ्या एका गोष्टीबद्दल मला आजही बरे वाटते. आणि ते चढविले होते याबद्दल वाईटही वाटते. दोन्ही आहेतच.

सकाळी आकडा वर आला होता. मोटारीने आम्ही खाली गेलो, उरुबांबा नदीच्या खोऱ्यात, ओयांतायतांबो नावाच्या गावी. नाव उच्चारायला मला दोन दिवस लागले. हे गाव २,८०० मीटरच्या आसपास आहे, म्हणजे कुस्कोहून सहाशे मीटर खाली. सहाशे मीटर काय ते हिच्या चेहऱ्यावर दिसले. दुपारी तिने सूप मागितले, संध्याकाळी पावही खाल्ला.

इथेच मला माझ्या तक्त्यातली खरी चूक कळली. ज्या माचू पिचूसाठी लोक कुस्कोला धापा टाकतात, ते स्वतः २,४३० मीटरवर आहे, कुस्कोहून जवळजवळ हजार मीटर खाली! म्हणजे समुद्रावरून आलेल्या माणसाने आधी खोऱ्यात उतरून निजावे, मग माचू पिचू पाहावे आणि अंग तयार झाल्यावर शेवटी कुस्कोला चढावे. मी नेमके उलटे केले होते. वेळापत्रकात गाड्या बरोबर होत्या, स्टेशनांचा क्रम चुकला होता.

ओयांतायतांबोला इंकांच्या काळच्या गल्ल्या आहेत तशाच आहेत आणि त्यांत माणसे अजून राहतात. गल्लीच्या कडेने दगडी पाटातून डोंगराचे पाणी झुळझुळ वाहत असते. ही तासन् तास त्या पाटाशी बसून राही. तिसऱ्या दिवशी ती चांगली सावरली, तसा मी पुन्हा कागद काढला. "उद्या निघालो तर ब्युनोस आयर्स वाचते," मी म्हणालो. "एक दिवस तिथे, एक इग्वासूला..."

"मी इथून हलणार नाही."

"अगं, पुन्हा थोडेच येणार आहोत?"

"म्हणून तर," ती म्हणाली आणि पाटात पाय सोडून बसली.

आता यावर काय बोलणार? माझाच एक्का तिने माझ्यावर टाकला होता. ब्युनोस आयर्स गेले, इग्वासू गेला, त्यांच्या विमानांचे आणि खोल्यांचे पैसे बुडाले. आकडा मी इथे लिहीत नाही, कारण हा अंक मुलाकडेही जातो. दोन रात्रींच्या दहा रात्री झाल्या. पाच ओयांतायतांबोला आणि, तो पहिला प्रताप धरून, पाच कुस्कोला.

मधेच अधिक महिन्यातली एकादशी आली. परमुलखात उपास कसा करायचा, म्हणून ही काळजीत होती. बाजारात गेलो तर काळे, जांभळे, पिवळे, गाठीगाठींचे बटाटेच बटाटे! अँडीज पर्वतात त्यांच्या हजारो जाती आहेत. बटाटा मुळात तिथलाच. शेंगदाणाही त्याच खंडातला आणि मिरचीही अमेरिकेचीच. पोर्तुगीजांच्या जहाजांतून ती आपल्याकडे आली, आणि 'बटाटा' हा शब्दही त्यांचाच. उकडलेला बटाटा, दाणे आणि मिरची पुढ्यात घेऊन ही म्हणाली, "म्हणजे त्या लोकांच्या आधी आपल्याकडे एकादशीला खात तरी काय होते?" हा प्रश्न मी आमच्या गुरुजींना अजून विचारलेला नाही.

माचू पिचू आम्ही २८ तारखेला पाहिले, नव्याने तिकिटे काढून. त्याबद्दल मी लिहीत नाही. १९११ साली हायरम बिंगहॅमने ते जगापुढे आणल्यापासून त्याच्यावर इतके लिहिले गेले आहे, आणि चित्र तर प्रत्येकाने पाहिलेले आहे. चित्रासारखेच आहे. फक्त चित्रात वारा नसतो.

त्या रात्री कुस्कोला परतलो, आणि खरे कुस्को मला त्यानंतर दिसले. उतारूघराच्या चौकात सकाळी ऊन येई. रात्री पाणी गोठेल अशी थंडी, आणि नऊ वाजता खांद्यावर शाल नकोशी होई. त्या उन्हात बसून चहा घ्यायचा, मग हळूहळू एखाद्या गल्लीत जायचे, एवढाच कार्यक्रम. हातून रूमियोक नावाची अरुंद गल्ली आहे. तिच्या भिंतीत बारा कोनांचा एक प्रसिद्ध दगड आहे. पहिल्या दिवशी मी त्याला अर्धा मिनिट दिला होता. आता त्याच्यासमोर उभे राहून बारा कोन मोजले, तर एकदा अकरा आले आणि एकदा तेरा. चुन्याचा कण न वापरता ते बारा कोन शेजारच्या दगडांत बसविले आहेत.

खाली सूर्यमंदिर, कोरिकांचा. स्पॅनिश लोकांनी त्याच्या भिंतींवरच आपला मठ बांधला. १६५० साली मोठा भूकंप झाला, मठ कोसळला, त्यांनी पुन्हा बांधला. २१ मे १९५० रोजी पुन्हा भूकंप झाला. वरचे बांधकाम ढासळले आणि त्याखाली शतकानुशतके दडलेल्या इंकांच्या भिंती उघड्या पडल्या; त्या जागच्या हलल्या नव्हत्या. हे मी तिथे आधी वाचले असते तरी 'हो का' म्हणून पुढे गेलो असतो. पण भिंतीच्या पायाशी सावलीत तासभर बसलो होतो, तेव्हा ते अंगावर आले.

याच शहरात १५३९ साली एक मुलगा जन्मला. बाप स्पॅनिश कप्तान, आई इंका राजघराण्यातली. विशीत, १५६० साली, तो स्पेनला गेला आणि कुस्कोला कधी परत आला नाही. पुढे म्हातारपणी तिकडे बसून त्याने आपल्या आईच्या लोकांचा इतिहास लिहिला, तो १६०९ साली प्रसिद्ध झाला. इंका गार्सिलासो दे ला वेगा हे त्याचे नाव. कुस्को म्हणजे जगाची नाभी, हा अर्थ त्यानेच युरोपला सांगितला. त्या गल्ल्या आठवून लिहायला त्याच्यापाशी वीस वर्षांची शिदोरी होती. माझ्यापाशी एक दुपार असती, तर हे सदर मी कशावर लिहिले असते?

आणि मग ३१ तारीख. त्या दिवशी तिथे कॉर्पस क्रिस्टी नावाचा ख्रिस्ती सण होता, तोही आम्हांला ठाऊक नव्हता. आदल्या दिवशी आसपासच्या देवळांतून पंधरा संतांच्या आणि मातांच्या मूर्ती खांद्यांवरून वाजतगाजत शहरात येतात आणि सणाच्या दिवशी मोठ्या चौकातून त्यांची मिरवणूक निघते. स्पॅनिश येण्यापूर्वी याच चौकात इंका आपल्या मृत राजांचे जतन केलेले देह मिरवीत असत. भोयांच्या खांद्यांवर मखर डोलत होते, ताशांचा गजर, मागे बायका जरीच्या शाली घेऊन. ही गर्दीत टाचा उंचावून पाहात होती. तिचे माहेर पंढरपूरच्या वाटेवरचे. "खांदा बदलताना बघा," ती म्हणाली, "आपल्यासारखेच बदलतात." आम्ही त्या दिवशी चौकात उभ्याउभ्या मोठाल्या दाण्यांचे उकडलेले कणीस आणि चीज खाल्ले. खास सणाचे ताट निराळे असते, त्यात भाजलेला गिनीपिग असतो. ते आम्ही लांबूनच पाहिले.

माझ्या तक्त्याप्रमाणे त्या दिवशी आम्ही रिओत असायचो.

शेजाऱ्यांना मी एवढे पाल्हाळ लावले नाही. त्यांना सांगितले ते हे : कुस्कोच्या खोऱ्यासकट सात रात्री धरा. विमानतळावरून सरळ खोऱ्यात उतरा, दोन रात्री तिथे निजा. एक रात्र माचू पिचूच्या पायथ्याशी. उरलेल्या चार कुस्कोला, आणि त्यातला पहिला दिवस अंगाला द्या. माचू पिचूचे तिकीट आता ठरावीक वेळेचे आणि ठरावीक वाटेचे असते आणि जून ते ऑगस्ट फार आधी संपते. तेव्हा ते आधी काढा, पण चौथ्या दिवसाच्या आत काढू नका. डॉक्टरांना आधी भेटा. विरळ हवेवरच्या गोळ्या मिळतात, पण त्या शेजाऱ्याच्या सांगण्यावरून घ्यायच्या नाहीत. पीतज्वराची लस परतताना आपल्याकडे विचारतात. तीही डॉक्टरांना विचारूनच आणि निघण्याआधी निदान दहा दिवस घ्या. पुस्तिकेची सहल बदलता येत नसेल तर निदान पहिली रात्र खोऱ्यात द्या म्हणून भांडा. हाच न्याय ला पाझला, तिथला विमानतळ तर ४,००० मीटरच्या वर आहे. लिमाला दोन दिवस पुष्कळ झाले, असे माझे मत; तिथले लोक रागावतील.

"सात रात्री म्हणजे जरा..." शेजारी घुटमळले. "इथले देवळांचे तिकीट तरी एवढे दिवस चालते का?"

चालते. कुस्को आणि आसपासच्या सोळा जागांचे मिळून एक तिकीट असते, ते दहा दिवसांचे असते. शहराने आपले उत्तर तिकिटावरच छापून ठेवले आहे. मी ते पहिल्या दिवशीच विकत घेतले होते, पण मागची बाजू वाचली नव्हती.

"आणि इग्वासू?"

"तो राहिला," मी म्हणालो. खोटे कशाला बोलू? त्याचे चित्र कुठे दिसले की अजून चुटपुट लागते. हिला लागत नाही, असे ती म्हणते. २०२१ साली हिच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. आता साक्सायवामानचा चढही नाही आणि धबधब्याचे जिनेही नाहीत.

शेजारी पुस्तिका मिटून वर गेले. मला वाटले, प्रकरण संपले. अर्ध्या तासाने दार वाजले. दारात त्यांची सौभाग्यवती होती.

"वहिनी," ती हिला म्हणाली, "त्या पाटाशी बसायला नीट जागा आहे का हो?"

"आहे की," ही म्हणाली. "दगडी पायरी आहे. पण सकाळी फार गार असते, खाली घालायला काहीतरी जाड न्या."